सावकाश चालणारा हेर

1979 च्या सप्टेंबरात बीबीसीवर ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ ही हेरगिरीवरची मालिका सुरू झाली आणि ब्रिटनमधले कितीतरी प्रेक्षक बुचकळ्यात पडले. सात भाग, पण कोण कुणाच्या बाजूचा याचा पत्ता लागेना. निवेदक टेरी वोगन तर रेडिओवरून त्या गोंधळाची थट्टा करायचे. तरी लोक बघत राहिले. आयटीव्ही ही दुसरी वाहिनी तेव्हा संपामुळे बंद होती, हे खरंच. पण तेवढ्यानं कुणी खिळून बसत नाही. पहिल्या दृश्यात चार माणसं एकेक करून खोलीत येतात. एकाच्या हातात चहाचा कप, वर बशी झाकलेली. बोलणं जवळजवळ नाहीच, तरी चौघांचे स्वभाव कळतात. ॲलेक गिनेस यांनी साकारलेला हेर स्मायली नुसता ऐकत बसतो आणि समोरचा बोलता होतो. प्रेक्षकाला शहाणं समजणारी अशी मालिका आम्हाला आजही हवी आहे.