कार्ड वाटलंत, आता दवाखानाही दाखवा!

२९ ऑक्टोबर २०२४ ला आयुष्मान वय वंदना कार्ड आलं. सत्तरी पार केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार. योजना चांगलीच आहे. माझा राग कार्ड हातात देऊन फोटो काढणाऱ्या आणि नंतर गायब होणाऱ्यांवर आहे.

आंबेनळीच्या पट्ट्यात आज घरात कोण उरलंय? म्हातारा-म्हातारी. पोरं मुंबईला. आधारला नंबर पोराचा. म्हणजे ओटीपी वाजतो नालासोपाऱ्यात आणि म्हातारी बसलेली पोलादपूरला. भातलावणीत झिजलेला अंगठा मशीन घेत नाही. चेहरा दाखवून ओळख पटवायची सोय ॲपमध्ये आहे, पण तिला ते सांगणार कोण? त्यात आधारवर जन्मतारीख अंदाजाने टाकलेली, १ जानेवारी. सरकार वय आधारवरचंच धरतं. पंचाहत्तरीचे आजोबा कागदावर अडुसष्टचे!

मंडळी, एवढं नीट समजून घ्या :

▪️ ५ लाख माणशी नाहीत. नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढचे असतील, तर दोघांत मिळून.
▪️ सत्तरीच्या आत असाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. पांढरं रेशनकार्डही चालतं.
▪️ दोन्हीकडे भरती झालात तरच फायदा. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या यात येत नाहीत.
▪️ योजनेत असलेल्याच रुग्णालयात कार्ड चालतं, आणि तिथेही प्रत्येक आजारावर नाही. आधी १४५५५ वर विचारा. रुग्णालयात गेल्यावर आरोग्यमित्राला गाठा.

खरी मेख या शेवटच्या मुद्द्यात आहे. रात्री छातीत कळ आली, तर कुडपणच्या माणसाने यादी शोधायची की गाडी?

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा : हृदयासाठी कुठे, मोडलेल्या हाडासाठी कुठे, डायलिसिसला कुठे. वाडीवर येऊन चेहरा दाखवून कार्ड काढून द्या. त्याच दिवशी आधारची दुरुस्तीही करा. फ्लेक्सला पैसे मिळतात, मग भिंतीवरच्या रंगाला का नाहीत?

आणि चाकरमान्यांनो, गणपतीला याल तेव्हा आरतीआधी आई-बापाचं आधार बघा. पुढच्या ग्रामसभेत हा विषय मी मांडणार आहे. तुम्हीही या. नुसतं लाईक करून म्हातारी माणसं दवाखान्यात पोचत नाहीत.