कॅमेऱ्यालाही ऊन लागते

वैशाखातले दुपारचे लग्न. पत्र्याच्या मांडवात मंगलाष्टका सुरू होतात आणि नेमके त्याच वेळी शूटिंग करणाऱ्याच्या कॅमेऱ्यावर तापमापीचे चिन्ह लुकलुकू लागते. शेवटचे 'सावधान' होण्याआधीच पडदा काळा होतो. अक्षता पडतात, चित्रीकरणात मात्र त्या नसतात. मग यजमानांचे बोल ऐकावे लागतात आणि ठरलेल्या पैशांतून रक्कमही कापली जाते. 'कॅमेरा खराब होता' किंवा 'माणूस नवशिका होता' असा निकाल लागतो. अनेकदा यातले काहीच खरे नसते. कॅमेऱ्याला ऊन लागलेले असते आणि ते किती वेळात लागेल, हे विकत घेताना कोणी सांगितलेले नसते.

फोटो काढताना सेन्सरवरची माहिती एकदा वाचली जाते. व्हिडिओत हे काम अखंड चालते. फोर-के चित्राच्या एका चौकटीत सुमारे ८३ लाख बिंदू असतात. सेकंदाला २५ चौकटी धरल्या तरी दर सेकंदाला जवळपास २१ कोटी बिंदू वाचायचे, त्यांवर प्रक्रिया करायची आणि ते कार्डवर लिहायचे. चौकटी ५० केल्या की हा आकडा दुप्पट होतो. या प्रत्येक कामात वीज खर्च होते आणि तिची उष्णता बनते. ही उष्णता बाहेर जायला वाट मात्र अरुंद असते. पाणी आणि धूळ आत जाऊ नये म्हणून कॅमेरा बंदिस्त केलेला असतो. हात हलला तरी चित्र हलू नये यासाठी अनेक कॅमेऱ्यांत सेन्सर सरकत्या चौकटीवर तरंगता ठेवलेला असतो. त्यामुळे धातूच्या अंगाला चिकटून उष्णता बाहेर टाकण्याची सोयही कमी होते. मोबाइलची गतही वेगळी नाही. तिथे पंखा नसतो आणि बॅटरी शेजारीच तापत असते.

तापलेल्या सेन्सरचे दुखणे चित्रातही उतरते. सिलिकॉनवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्यांच्या मोजणीतून चित्र बनते. पण उष्णतेनेही इलेक्ट्रॉन सुटतात आणि सेन्सरला हे दोन्ही सारखेच वाटतात. प्रकाश नसतानाही वाहणाऱ्या या प्रवाहाला डार्क करंट म्हणतात. साधारण ६ ते ८ अंशांच्या वाढीला तो दुप्पट होतो. म्हणजे सेन्सर २० अंशांनी अधिक तापला, तर तो सहा ते दहा पट वाढू शकतो. काळ्या भागात राखाडी झाक येते, लाल-निळे ठिपके चमकू लागतात. खगोलशास्त्रज्ञांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. म्हणूनच जेम्स वेब दुर्बिणीतल्या मध्य-अवरक्त उपकरणाचे संवेदक उणे २६६ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवले जातात.

तरीही चित्रातल्या प्रत्येक दाण्याचे खापर उष्णतेवर फोडणे चूक ठरेल. अंधाऱ्या हॉलमध्ये दिसणाऱ्या दाण्यांचे मुख्य कारण प्रकाशाची टंचाई हे असते. पावसाच्या पहिल्या शिंतोड्यात अंगणात शेजारी ठेवलेल्या दोन वाट्यांत थेंब सारखे पडत नाहीत; मुसळधार पावसात दोन्ही सारख्याच भरतात. प्रकाशकणांचेही तसेच आहे. एका बिंदूवर १०,००० प्रकाशकण पडले, तर मोजणीतला चढउतार सुमारे १०० कणांचा, म्हणजे १ टक्का असतो. १०० कणच पडले, तर तो १० कणांचा, म्हणजे १० टक्के होतो. अशा वेळी कॅमेऱ्याला बर्फ लावून उपयोग नाही, एक दिवा वाढवावा लागतो. व्हिडिओची प्रत्येक चौकट क्षणार्धात टिपली जाते, त्यामुळे भरपूर उजेडात डार्क करंटचा त्रास सहसा जाणवत नाही. उन्हात मोठा धोका असतो तो चित्रीकरण मध्येच बंद पडण्याचा.

खरी तक्रार इथेच सुरू होते. कॅमेऱ्याच्या खोक्यावर फोर-के, एट-के ठळक छापलेले असते. ते किती मिनिटे आणि किती तापमानाला चालेल, हे बारीक अक्षरांत असते किंवा नसतेच. कॅनन कंपनीने २०२० मध्ये 'ईओएस आर-५' बाजारात आणताना एट-के चित्रीकरणाची मर्यादा सुमारे २० मिनिटे असल्याचे जाहीर केले, हे चांगलेच झाले. पण तो आकडा २३ अंश तापमानाचा होता. चंद्रपूर किंवा अकोल्यात मे महिन्याच्या दुपारी पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तिथे २३ अंशांच्या आकड्याचा काय उपयोग?

प्रत्येक गावाच्या हवामानाची चाचणी कशी घ्यायची, असा सवाल उत्पादक करू शकतात. पण तशी मागणीच नाही. अनेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत '० ते ४० अंश तापमानात वापरा' असे लिहिलेले असते. ४० अंशांपर्यंत चालण्याची ग्वाही कंपनी स्वतः देत असेल, तर ४० अंशांना तो किती मिनिटे अखंड चालतो, हेही तिनेच सांगायला हवे. एक जास्तीचा आकडा छापायला खर्च तो किती? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ग्राहकाला वस्तूच्या दर्जाविषयी माहिती मिळण्याचा हक्क देतो. उष्ण देशात विकल्या जाणाऱ्या उपकरणाच्या बाबतीत ही माहिती त्यात मोडायला हवी. पंखा बसवलेले कॅमेरे मिळतात, पण ते जड आणि महाग असतात. कोणता घ्यायचा हे ठरवण्यासाठी तरी तो आकडा हवाच.

तोवर काळजी घेणे हातात आहे. कॅमेऱ्यावर छत्री धरावी, मागचा पडदा अंगापासून उघडून ठेवावा, दोन विधींच्या मध्ये कॅमेरा बंद करावा. गरज नसेल तिथे चौकटींची संख्या आणि रिझोल्यूशन कमी ठेवावे. मुख्य विधीला दुसरा कॅमेरा तयार असावा. मोबाइलने शूटिंग करताना जाड कव्हर काढावे आणि चार्जिंग टाळावे. तापलेला कॅमेरा फ्रीजमध्ये मात्र कधीच ठेवू नये. बाहेर काढताच हवेतली वाफ थंड भागांवर जमते आणि आतली सर्किटे बिघडू शकतात.

यजमानांनीही एक लक्षात ठेवावे. भर दुपारी मांडवात पाहुण्यांसाठी कूलर लावले जातात, भटजींसाठी पंखा येतो. शूटिंग करणारा मात्र उन्हात उभा असतो. त्याला सावलीची जागा दिली, तर अक्षता पडतानाचे चित्रीकरण हाती लागण्याची शक्यता वाढेल आणि तिथे तासन्तास उभ्या असलेल्या माणसालाही ऊन लागणार नाही.