भेदरलेला साक्षीदार

नवे औषध माणसाला देण्यापूर्वी त्याची पारख बहुधा उंदरावर होते. मात्र हा साक्षीदारच भेदरलेला असेल, तर त्याची साक्ष कितपत ग्राह्य मानायची, हा प्रश्न कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये ऐरणीवर आणला.

जेफ्री मोगिल यांच्या चमूचा शोधनिबंध ‘नेचर मेथड्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रयोगकर्ता पुरुष असल्यास उंदीर वेदना कमी व्यक्त करतात, असे त्यात आढळले. पुरुषाने आदल्या रात्री घातलेला टी-शर्ट जवळ ठेवला तरी तोच परिणाम दिसला. स्त्रीच्या टी-शर्टने मात्र दिसला नाही. याचा अर्थ पुरुषाच्या सान्निध्यात उंदराला दिलासा मिळतो, असा नव्हे. नर सस्तन प्राण्यांच्या गंधाने उंदरावर ताण येतो आणि त्या ताणात वेदनेची जाणीव तात्पुरती दडपली जाते.

स्पर्शाचेही तसेच आहे. उंदीर शेपटीला धरून उचलणे ही प्रयोगशाळांतील जुनी रीत. ब्रिटनमधील लिव्हरपूल विद्यापीठातील जेन हर्स्ट व रेबेका वेस्ट यांनी २०१० मध्ये दाखवून दिले, की या रीतीने उंदरांची चिंता वाढते. नळीतून वा ओंजळीत उचलल्यास ती कमी राहते. चिंता मोजण्यासाठी जमिनीपासून उंचावर बसवलेली अधिक चिन्हाच्या आकाराची चौकट वापरतात. तिच्या दोन बाजू भिंतींनी बंदिस्त, तर दोन उघड्या असतात. घाबरलेला उंदीर उघड्या बाजूंकडे जाणे टाळतो. म्हणजे चिंताशामक औषधाची परीक्षा घेताना, उंदीर चौकटीत सोडणारा हातच उत्तर बदलू शकतो.

गंध आणि स्पर्श यांवरच हे थांबत नाही. निशाचर उंदराला प्रखर उजेड नकोसा असतो. माणसाच्या श्रवणाची मर्यादा सुमारे २० हजार हर्ट्‌झ; उंदराला त्याहून कितीतरी वरचे ध्वनी ऐकू येतात. त्यामुळे माणसाला शांत भासणारी खोली उंदराला तशी असेलच असे नाही.

एका गटाची हाताळणी पुरुषाने व दुसऱ्याची स्त्रीने केली, तर निष्प्रभ औषधही गुणकारी ठरण्याचा धोका संभवतो. यावर पुरुषांना प्रयोगशाळेबाहेर काढणे हा उपाय नव्हे. प्रयोग कोणी केला याची शोधनिबंधात नोंद करणे, दोन्ही गटांना सारखीच वागणूक देणे आणि शेपटी धरण्याची सवय सोडणे, हे उपाय फारसे खर्चिक नाहीत. प्राण्यांविषयीची करुणा आणि निष्कर्षांची विश्वासार्हता येथे परस्परविरोधी नाहीत. उंदराची भीती कमी करणे हा विज्ञानाच्याही हिताचाच भाग आहे.