व्यायामापूर्वींची प्रश्नपत्रिका

पस्तीस वर्षें मुलांपुढें प्रश्नपत्रिका ठेवण्यांत गेलीं. निवृत्तीनंतर कोणी माझ्यापुढेंच प्रश्नपत्रिका ठेवील आणि तींतील एका प्रश्नापाशीं माझी लेखणी अडेल, असें स्वप्नांतहि आलें नव्हतें. ती हकीकत आज वाचकांस सांगावयाची आहे. कारण ती एकट्या आमच्याच घराची असेल असें मला वाटत नाहीं.

आमच्या मुर्रीहून गोंदिया शहर अगदीं जवळ. माझ्या कैलासवासी वडील बंधूंचा एकोणीस वर्षांचा नातू तेथील एका व्यायामशाळेंत (जिला हल्लीं सर्वत्र 'जिम' म्हणतात) नांव घालून आला. पहिल्याच दिवशीं स्वारी रुष्ट होऊन परतली. "आजोबा, पैसे घेतले आणि वजनाला हात लावूं दिला नाहीं!" चौकशी करतां कळलें कीं, तेथील तरुण शिक्षकानें त्यास प्रथम खुर्चीवर बसविलें, पूर्वींचीं दुखणीं, औषधें, झोप, आहार हें सर्व विचारलें, नाडी मोजली, रक्तदाब पाहिला, कमरेचें माप घेतलें. मग एका पायावर उभें केलें. हात न टेकतां खुर्चीवरून उठबस करावयास लावून गुडघे आंत वळतात कीं काय हें पाहिलें. आणि अखेर एक कागद देऊन, "हा घरच्या वडील मंडळींकडून भरून आण, मग आरंभ करूं," असें सांगितलें. घरांत सर्वांस हा प्रकार चमत्कारिक वाटला. दंड-बैठका काढावयास का कोठें प्रवेशपरीक्षा लागते?

मला मात्र त्या शिक्षकाचें कौतुक वाटलें. चरकसंहितेच्या विमानस्थानांत परीक्षेचीं जीं दहा अंगें सांगितलीं आहेत, त्यांत प्रकृति, सार, वय यांच्या पंक्तीस 'व्यायामशक्ति' हें एक अंग आहे, आणि तें मनुष्याच्या काम करण्याच्या शक्तीवरून ओळखावें असा निर्वाळा आहे. सुश्रुताचार्यांनीं तर वय, बल, शरीर, देश, काल व आहार पाहूनच व्यायाम करावा, आणि तोहि अर्ध्या शक्तीनेंच, असें बजावलें आहे. तोंडानें श्वास घ्यावा लागला कीं अर्धी शक्ति संपली, ही त्यांची खूण. आजचा शिक्षकहि नवशिक्यास सांगतो कीं, व्यायाम करतांना चार शब्द बोलतां आले पाहिजेत. बोलतां येईना कीं वेग कमी कर. दोन्ही खुणा एकाच घरच्या नव्हेत काय?

त्या कागदावरील बहुतेक प्रश्न कॅनडा देशांत 1970 च्या दशकांत तयार झालेल्या सात प्रश्नांच्या एका पत्रिकेवरून घेतलेले होते. हृदयाचें दुखणें असल्याचें वैद्यानें कधीं सांगितलें आहे काय? श्रम करतांना अथवा स्वस्थ असतां छातींत दुखतें काय? घेरी येऊन तोल जातो, किंवा शुद्ध हरपते काय? हाडांचें वा सांध्यांचें दुखणें आहे काय? रक्तदाबाचें वा हृदयाचें औषध चालू आहे काय? या प्रकारचे हे प्रश्न. एकासहि 'होय' असें उत्तर आल्यास आधीं डॉक्टरांचा सल्ला, मग व्यायाम. व्यायाम बंद करणें हा त्यांचा हेतु नव्हे; कोणास थांबवावें आणि कोणास निर्धास्तपणें पुढें जाऊं द्यावें, एवढेंच त्यांतून निवडावयाचें असतें.

शिक्षकानें आपल्या प्रांताकडे पाहून आणखी एक प्रश्न घातला होता: 'सिकलसेलची तपासणी झाली आहे काय?' आपल्या पूर्व विदर्भांत हा रक्तदोष पुष्कळ आढळतो. आई व बाप या दोघांकडूनहि तो आला तर दुखणें होतें. एकाकडूनच आला तर मनुष्य केवळ वाहक असतो आणि एरव्हीं निरोगी दिसतो. परंतु अशा वाहकानेंहि कडक उन्हांत, पाणी न पितां, एकाएकीं सर्व बळ लावून धांव घेतली तर क्वचित् प्राणावर बेततें. पोलीसभरतीसाठीं सोळाशें मीटर धांवण्याचा सराव करणारीं मुलें आमच्या रस्त्यावर पहांटे रोज दिसतात. त्यांतील किती जणांनीं रक्त तपासलें असेल? जून 2014 मध्यें मुंबईच्या पोलीसभरतींत पांच किलोमीटर धांवतांना कांहीं उमेदवार दगावले व पुढें तें अंतर कमी करावें लागलें, हें वाचकांस आठवत असेल. या रक्तदोषाच्या निर्मूलनासाठीं 2023 सालीं राष्ट्रीय मोहीम सुरू झालेली आहे. तपासणीस भिण्याचें वा लाजण्याचें कारण उरलेलें नाहीं.

येथवर माझी लेखणी झरझर चालली. मग पुढचा प्रश्न आला: 'घरांत पन्नाशीच्या आंत कोणी अकस्मात् गेलें आहे काय?' मुलानें शिक्षकास तोंडीं 'नाहीं' असें सांगितलें होतें. त्याचा दोष नाहीं. त्यास आम्हीं तसेंच सांगत आलों होतों.

माझे वडील बंधु 1990 च्या वैशाखांत, छत्तिसाव्या वर्षीं, आखाड्यांतून येऊन अंगणांत कोसळले ते पुन्हां उठले नाहींत. विदर्भाचा वैशाख, 'ऊन लागलें' असें आम्हीं सांगितलें आणि लोकांस तें पटलें. परंतु त्यापूर्वीं जोर काढतांना दोन वेळां त्यांस घेरी आली होती, आणि डॉक्टरांनीं हृदय तपासून घेण्यास सांगितलें होतें, हें घरांत तिघांस ठाऊक होतें. आमची धाकटी बहीण तेव्हां उपवर होती. तिचें जमत आलें होतें. घराण्यांत हृदयाचा दोष आहे असा बोभाटा नको, म्हणून आम्हीं तोंडें मिटलीं. उन्हाचें निमित्त इतक्यांदा सांगितलें कीं पुढें माझाहि त्यावर विश्वास बसला.

त्या रात्रीं कागद पुढें घेऊन मी बसून राहिलों. वहिनी पाणी घेऊन आल्या, त्यांनीं कागद वाचला आणि शांतपणें म्हणाल्या, "भाऊजी, खरें तें लिहा. एकदां लपवलें तें पुष्कळ झालें."

मीं खरें तें लिहिलें. शिक्षकानें तें वाचून मुलास आधीं हृदयाच्या डॉक्टरांकडे धाडलें, आणि त्याच्या वडिलांसहि बरोबर नेण्याविषयीं सुचविलें. हृदयाचा आलेख व ध्वनिलहरींची तपासणी झाली. मुलाचें हृदय आज निर्दोष आहे. कांहीं वर्षांच्या अंतरानें तें पुन्हां पहावें लागेल. परंतु माझ्या पुतण्याच्या हृदयाचा स्नायु जाड झालेला निघाला. हा दोष बहुधा वंशपरंपरेनें येतो. बापास अथवा आईस असेल तर प्रत्येक अपत्यास तो येण्याचा संभव निम्मा असतो. पुतण्या पंचेचाळीस वर्षांचा; गेल्या दिवाळीपर्यंत तो मित्रांशीं पैजा लावून धांवत होता. आतां औषध चालू आहे आणि डॉक्टरांनीं आंखून दिलें तेवढेंच चालणें. मुलगा मात्र आनंदानें व्यायामशाळेंत जातो व शिक्षकाचें नांव आदरानें घेतो.

वाचकहो, आपल्या घरांत वंशावळी जपून ठेवण्याची चाल आहे. गोत्र, प्रवर, कुलदैवत मुलांस पाठ असतें. पण आजोबा कशानें गेले, हें विचारल्यास घरोघर एकच उत्तर मिळतें, 'वय झालें होतें'. चांगला शिक्षक कितीहि कसून प्रश्न विचारो, उत्तर घरानें द्यावयाचें असतें. आणि घर खोटें बोललें तर त्याची सारी परीक्षा व्यर्थ. वंशावळीच्या प्रत्येक नांवापुढें वय आणि आजार लिहून ठेवावा, तो मुलामुलींच्या हातीं द्यावा, आणि सोयरिकीच्या वेळींहि तो झांकूं नये.

असो. जिच्यासाठीं म्हणून आम्हीं ही गोष्ट झांकली, ती माझी बहीण आतां दोन मुलांची आई व एका नातवाची आजी आहे. तिची व तिच्या मुलांची तपासणी अजून व्हावयाची आहे. दूरध्वनीवर सांगण्याचें धैर्य झालें नाहीं, म्हणून पत्र लिहिलें आहे. हा मजकूर छापण्यास धाडण्यापूर्वीं तें टपालांत पडेल.