हुमणी, परसबाग आणि बंदर

मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की तिन्हीसांजेला तपकिरी भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्या पाल्यावर तुटून पडतात. माद्या मातीत अंडी घालतात. त्यांतून निघणारी हुमणी पुढे मुळे कुरतडत राहते. रोप माना टाकते, तेव्हा मालक बिचारा पाणीच वाढवीत बसतो!

न्हावा शेवा येथे 1989 साली बंदर सुरू झाले. त्यापूर्वी, जानेवारी 1984 मध्ये, उरण तालुक्यातील भूसंपादनविरोधी आंदोलनात गोळीबाराने पाच बळी घेतले. शेती गेलेल्या कुटुंबाला परसातील चार वाफ्यांची वांगी-मिरची ही चैन नव्हे.

बंदराचा या किडीशी आणखी एक संबंध आहे. जपानी भुंगेरा अमेरिकेत प्रथम आढळला तो 1916 साली, न्यू जर्सीत. आयात केलेल्या रोपांच्या मुळांभोवतीच्या मातीतून त्याची अळी आली असावी, असे मानतात. पुढे तेथील सरकारला अळ्यांना रोगग्रस्त करणारे जिवाणू गावोगाव मातीत पेरावे लागले. तेव्हा रोपांबरोबर येणाऱ्या मातीची तपासणी हा केवळ कागदी सोपस्कार मानणे परवडणारे नाही.

हुमणीवर पूर्वी सर्रास वापरले जाणारे फोरेट 2020 अखेर देशात बंद झाले, हे इष्टच झाले; घरच्या भाजीत असले जहाल विष नकोच होते. मेटारायझियम ही बुरशी मेचनिकॉफ यांनी 1879 मध्येच अशा अळ्यांवर अभ्यासली होती. कुजलेल्या शेणखतात मिसळून ती ओलसर मातीत घातली, तर अळ्या रोगाने मरतात. मात्र तिला अवधी लागतो, आणि कडक उन्हात ती टिकत नाही. कच्चे शेणखत तर टाळावेच; अळ्या त्यातच पोसतात.

तथापि खरा प्रश्न औषधाचा नसून हिशेबाचा आहे. एकाने आपल्या झाडावरचे भुंगेरे वेचले आणि शेजारी स्वस्थ बसला, तर खर्च एकाचा आणि उपद्रव दोघांचा. म्हणूनच कृषी खाते सामुदायिक मोहिमेचा सल्ला देते: रात्री फांद्या हलवून भुंगेरे पाडावेत, रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत, प्रकाशसापळे लावावेत. अंडी घालण्यापूर्वी मारलेली एक मादी म्हणजे पुढील कित्येक अळ्यांची बचत. ग्रामपंचायतींनी जूनच्या पहिल्या पंधरवड्यातील चार रात्री यासाठी राखून ठेवाव्यात. दिवे व बादल्या यांपलीकडे त्यास फारसा खर्च नाही.