मूठ सांबरशिंगाची की कापडाची?

अमेरिकी सेनानी जॉर्ज पॅटन यांच्या कमरेच्या कोल्ट रिव्हॉल्व्हरची मूठ पांढरीशुभ्र होती. ती मोत्याच्या शिंपल्याची आहे असे कुणी म्हटले, की साहेबांचा पारा चढे. मूठ हस्तिदंताची होती!

अस्सलपणाचा हा सोस सुऱ्या-रिव्हॉल्व्हरांच्या शौकिनांत अजून ओसरलेला नाही. लाकूड, शिंग, हाड चालेल. कृत्रिम काही दिसले की नाक मुरडायचे. त्यात अगदीच तथ्य नाही असे नाही. जुन्या चाकूंच्या सेल्युलॉइडच्या मुठी हुबेहूब हस्तिदंतासारख्या दिसत. पण काही दशकांनी सेल्युलॉइड कुजू लागते आणि त्यातून सुटणाऱ्या आम्लधर्मी वायूने पाते गंजते. एकाच पेटीत ठेवलेले शेजारचे चाकूही त्यातून वाचत नाहीत.

सांबरशिंगाची गोष्ट वेगळी. ते मुळातच खडबडीत, खाचाखोचांचे. इतर हरणांच्या शिंगांच्या मानाने आतूनही भरीव. म्हणून शेफील्डपासून अमेरिकेपर्यंतचे चाकूवाले वर्षानुवर्षे भारतातून ही शिंगे मागवत. १९९०च्या दशकाच्या अखेरीस भारताने ही निर्यात बंद केली आणि साठवलेल्या शिंगांचे भाव कडाडले. सांबर आपली शिंगे आपोआप गाळते, हे खरे. परंतु गळलेले शिंग आणि सांबर मारून काढलेले शिंग, एकदा कापून चाकूवर बसवल्यावर ओळखायचे कसे? बंदी रास्तच होती.

मग हातात काय धरावे? खुद्द कोल्ट कंपनीने एकोणिसाव्या शतकातच अक्रोडाच्या लाकडाच्या जोडीला कडक रबराच्या मुठी आणल्या होत्या. चाकूसाठी मात्र कौल मिकार्टालाच द्यावा. कापडाचे किंवा कागदाचे थर राळेत भिजवून, उष्णता आणि दाबाखाली घट्ट केलेला हा पदार्थ वेस्टिंगहाऊस कंपनीने विजेच्या उपकरणांसाठी बनवला होता. कॅनव्हासची मूठ घासली, की कापडाचे थर नकाशातल्या समोच्च रेषांसारखे उमटतात. फार चकाकी दिली नाही, तर ओल्या हातातूनही ती निसटत नाही. उलट फ्रान्सच्या ओपिनेल चाकूची देखणी बीच लाकडाची मूठ पाणी पिऊन फुगते आणि घडीतले पाते अडकून बसते. शिवाय ज्याला कृत्रिम म्हणून हिणवायचे, त्या मिकार्टाच्या पोटात बहुधा सुती कापडच असते.

जुन्या बाजारात कुणी 'खरे सांबरशिंग' म्हणून चाकू पुढे केला, तर भाव विचारण्याआधी एवढे ध्यानात घ्या: वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार भारतात या शिंगांचा व्यापार गुन्हा आहे.