बांध आम्ही घालायचे, पाणी त्यांनी सोडायचे



पुण्याच्या नाल्यांचे रडगाणे कापूस-ज्वारीवाल्यांच्या पत्रकात कशाला, असे कोणी विचारील. विचारायलाच हवे. पण ज्या बांधकाम नियमावलीने पुण्याचे ओढे तुंबतात, तीच २०२० ची एकत्रित नियमावली मुंबई आणि थोडे अपवाद सोडले तर साऱ्या महाराष्ट्राला लागू आहे. तुमच्या तालुक्याच्या गावाबाहेर जो एनए लेआउट पडतो आहे, त्यालाही तीच.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा पुण्यात घरांत शिरला. कात्रजच्या डोंगरातून निघून मुठेला मिळणारा हा ओढा. टांगेवाला कॉलनी, अरण्येश्वर, सहकारनगर या वस्त्यांना अंधारात पळता भुई थोडी झाली. शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसे गेली. दुसऱ्या दिवशी सगळे म्हणाले, निसर्गाचा कोप! पाऊस मोठा होता, हे खरे. पण आभाळ सांगते पाणी किती पडणार. ते ओढ्यात किती वेगाने पोचणार, हे जमीन ठरवते.

हिशोब सोपा आहे. एका एकरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दोन लाख लिटर पाणी पडले, दहा हजार लिटरचे वीस टँकर. बांधबंदिस्ती झालेल्या रानात त्यातले बरेचसे मुरते, उरलेले सांडव्यावरून सावकाश निघते. त्याच एकरावर स्लॅब, फरशी आणि सिमेंटची पार्किंग घाला. वीसातले अठरा टँकर बघता बघता ओढ्यात. वरच्या अंगाला असे शंभर एकर झाले की खालच्या झोपडीत काय होईल, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

आता आमच्याशी सरकार कसे वागले ते आठवा. १९३३ मध्ये सोलापूरला कोरडवाहू संशोधन केंद्र निघाले, तेव्हापासून आम्हाला शिकवणे चालू आहे : धावणारे पाणी थोपवा, उताराला आडवे पेरा, बांध घाला. शिकवण खोटी नाही. मी स्वतः कृषी पदवी घेऊन गावोगाव हेच सांगत फिरलो. पण ती नुसती शिकवण नव्हती. १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्याने सरकारने रानात बांध घातले आणि खर्चाची वसुली जमीनमालकावर ठेवली. शेजाऱ्याचे पाणी अडवले तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याचे कलम ५ आहेच. तहसीलदार येऊन अडथळा काढायला लावतो.

बिल्डरला काय? ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटवर पाऊसपाणी साठवण्याची सोय करा. केली नाही तर दरसाल १०० चौरस मीटर बांधकामामागे जास्तीत जास्त १००० रुपये आकार. एवढ्यात आज युरियाच्या चार गोण्या येत नाहीत!

आणि ती सोय तरी कसली? पुनर्भरणाचा खड्डा. पुण्याच्या पोटात काळा कातळ आहे. त्यात पाणी मुरते ते भेगांतून, हळूहळू. जोराच्या सरीत खड्डा भरतो आणि पुढचे सारे पाणी रस्त्यावर. शेततळे आधीच काठोकाठ असेल तर ते पूर अडवील काय? खड्डा विहिरीसाठी चांगला आहे, त्याला आमचा विरोध नाही. पुरासाठी निराळे टाके लागते. ते पावसाआधी रिकामे असले पाहिजे, आणि तळाशी असलेल्या लहान नळातून काही तासांत सावकाश रिते झाले पाहिजे. सिंगापूरने २०१४ पासून हेच बंधन घातले. २००० चौरस मीटर, म्हणजे आपले वीस गुंठे आणि त्यावरच्या नव्या बांधकामाने आपले पाणी ठरलेल्या वेगापेक्षा जास्त सोडायचे नाही.

घरे महागतील, अशी ओरड होईल. आमचे बांध फुकट झाले होते काय?

एक गोष्ट आपल्या घरातलीही आहे. २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावे पुणे महापालिकेत गेली. तिथली जमीन विकणारा आपलाच भाऊ होता. ज्वारीने पोट भरेना म्हणून त्याने विकली. त्याला मी दोष देणार नाही. पण जो विकत नाही, ज्याचे रान लेआउटच्या खालच्या अंगाला आहे, त्याच्या बांधाला भगदाड पडते, माती वाहून जाते आणि ओढ्याच्या जागी कंपाउंडची भिंत उभी राहते. वरून सांगतात, पंचनामा करून घ्या. शहराचे हेच पाणी घाण घेऊन मुळा-मुठेतून भीमेत आणि पुढे उजनीत उतरते.

म्हणून जिल्हा मेळाव्यात ठराव येतो आहे. शेत असताना प्लॉटवरून पाणी ज्या वेगाने जात होते, त्याहून जास्त वेगाने ते बाहेर सोडायचे नाही. टाक्याचे माप मंजुरीच्या नकाशावर लिहायचे. टाके प्रत्यक्ष भरून, रिते होताना पाहिल्याशिवाय भोगवटा पत्र द्यायचे नाही. लेआउटच्या पाण्याने नुकसान झालेल्या शेतकऱ्याची भरपाई बिल्डरकडून वसूल करायची.

ज्यांच्या रानात असे पाणी शिरले आहे त्यांनी मेळाव्याला येताना सातबारा, गावनकाशाची नक्कल आणि फुटलेल्या बांधाचा फोटो घेऊन यावे. नकाशात ओढा कुठे दाखवला आहे आणि आज तिथे काय उभे आहे, ते लाल शाईने खूण करून आणा.